पायरीवरचं पीठ

४ मार्च २००७, रविवार

पुन्हा तेच! "आई, एल्मबरीचं काहीतरी सांग ना. छान छान आठवणी." छान छान म्हणे! मी काय बालवाडीतली बाई आहे?

इंग्लंडातल्या त्या गावाला यंदा साठ वर्षं झाली. म्हणून तिथल्या लोकांनी कॉम्प्युटरवर जागा काढलीय. जुन्या रहिवाशांनी आठवणी सांगायच्या, आवाज भरून पाठवायचा, मग जगात कुणीही ऐकावं. गिरीशला तोच नाद लागलाय. ऑफिसातून आला की बूट काढायच्या आधी ते उघडतो. कुणाचं तळं, कुणाची सायकल, कुणाचा दूधवाला. "आई, आई, ही बघ आपली शाळा!" सत्तेचाळीस वर्षांचा घोडा, आणि डोळ्यांत पाणी.

त्याला छानच आठवणार. चार वर्षांचा होता नेला तेव्हा, परत आलो तेव्हा सतराचा. पोराला काय, खेळायला हिरवळ आणि शाळेत फुकटचं दूध. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते गाव कसं दिसायचं, ते मला विचारा!

लढाईत बॉम्बांनी लंडनमधली घरं पडली. त्या लोकांसाठी सरकारने शेतं घेतली आणि कोरं करकरीत गाव बांधलं. आधी नकाशा काढला, मग घरं बांधली, आणि सगळ्यात शेवटी माणसं आणून भरली. उलटं सगळं! आपल्याकडे आधी माणूस येतो, मग विहीर, मग देऊळ, मग भांडण. तिथे नकाशात भांडणाला जागाच ठेवली नव्हती.

हे सांगलीला वर्कशॉपात टर्नर होते. एल्मबरीच्या कारखान्याला टर्नर पाहिजे होते. हे गेले, वर्षाने आमचं तिकीट आलं. येतेस का, असं कुणी म्हटलं नाही. तिकीट आलं म्हणजे जायचं.

७ मार्च

बर्फ. दिवसभर घरात मी आणि फ्रिजची घरघर. त्याला निदान घसा तरी आहे.

१९ मार्च, पाडवा

रागाने अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी गुढी उभारली. वरच्या गॅलरीत. गिरीशने काठी बांधून दिली, मग ऑफिसला पळाला. माझी हिरवी खणाची चोळी, साखरेची माळ, तांब्याचा गडू. कडुनिंब कुठला मिळायला, मेथीची चार पानं लावली. सुनेला, सुनेत्राला, सोमवारी घरून काम असतं. तिने नमस्कार केला आणि खाली जाऊन कॉम्प्युटरपुढे बसली.

दुपारी खाली एक टोपीवाला उभा. वर बघून फोटो काढतोय. मी वरून हात केला. त्यानेही केला. म्हटलं, बरा दिसतो बिचारा.

तासाभराने सुनेत्रा वर आली. "आई, गुढी काढावी लागेल."

"का? सूर्य कुठे मावळलाय अजून?"

"कॉलनीच्या असोसिएशनचा मेल आलाय. बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत, असा रूल आहे."

कपडे! माझी गुढी म्हणजे वाळत घातलेले कपडे! आणि वर पालथा घातलेला गडू तो काय, आंघोळीचा?

म्हटलं, त्या टोपीवाल्याला जाऊन सांग काय आहे ते. ती म्हणाली, सांगते आई, पण आधी काढूया. आणि काढली. सूर्य डोक्यावर असताना! मी बघत उभी राहिले. हात लावला नाही.

अमेरिकेतल्या हर्नडनमधली ही आमची रांग. दारं सगळी एका रंगाची, गवत एका उंचीचं, कचऱ्याचा डबा संध्याकाळच्या आत बाहेर दिसला तर चिठ्ठी. गिरीशने हे घर घेतलं तेव्हा मला फोनवर म्हणाला होता, "आई, अगदी एल्मबरीसारखं आहे!" अगदी खरं बोलला होता. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

सुनेत्राशी आज बोलणार नाही. उद्याही नाही.

१ एप्रिल

गिरीशने माइक आणला. काळा, मनगटाएवढा. तोंडापुढे धरला.

"आई, नॉर्मल बोल."

"नॉर्मल म्हणजे कसं? एरवी काय मी भुंकते?"

शिवांगी सोफ्यावर पडल्या पडल्या हसली. माझी नात, पंधरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, बोलायची वेळ आली की इंग्रजी. बरं, म्हटलं, सांगते. पाहिजे ना तुला? घे.

आम्ही राहायचो त्या रांगेत घरं सगळी एकसारखी. विटा तशाच, दारं तशीच निळी, खिडकीतले पडदेसुद्धा बायका एकमेकींचे बघून तसेच लावायच्या. मला इंग्रजी आकडे वाचता यायचे नाहीत. चौथीपर्यंत शाळा, तीही मराठी. गेल्यावर पहिल्या आठवड्यात बटाटे घेऊन आले, दार ढकललं, आत गेले, पिशवी ठेवली. बघते तर गंजिफ्रॉकातला एक गोरा टेबलाशी बसून अंडं खातोय! तो ओरडला. मी त्याच्याहून मोठ्याने ओरडले. बटाटे तिथेच टाकून पळाले, आणि पळून पळून शिरले ती आणखी तिसऱ्याच घरात.

रात्री हे हसले. हसले! "अगं नंबर बघायचा." त्या दिवसापासून मी पायरीवर रांगोळी काढायला लागले. सांगलीला काढायचे तशी, दारापुढे. रांगोळी कुठली, तांदळाचं पीठ. देवाचं देवाला झालं आणि माझं घर मला सापडलं. चार ठिपके, एक कमळ, की समजायचं, द्वारकाबाई, हे तुझं.

गिरीशला शाळेत सोडून यायचे. आले की पायरी ओली. रांगोळी गायब! रोज. एका सकाळी मुद्दाम लवकर परतले. शेजारची मिसेस डॉकरिल गुडघ्यांवर बसून, बादली घेऊन, ब्रशने माझी पायरी खसाखसा घासत होती. मला बघून हसली! "मॉर्निंग, डोरा!" द्वारका म्हणता येईना म्हणून त्या रांगेने माझं नावसुद्धा बदलून टाकलं होतं. आणि पुढे ऐक. घासून झालं, मग खिशातून पांढरा दगड काढला आणि पायरीच्या कडेला स्वतःची पांढरी रेघ ओढली. माझ्या पायरीला! शेताला बांध घालावा तशी!

वर्षभर मी काढली, वर्षभर तिने पुसली. मग मी सोडून दिलं. आकडे शिकले. पुढची बारा वर्षं तिच्याशी मान हलवण्यापलीकडे बोलले नाही. तिने केक दिला की कचऱ्यात. त्यात अंडं असायचं ते वेगळं.

गिरीशने माइक बंद केला.

"आई, हे नको. हे निगेटिव्ह आहे. मिसेस डॉकरिल किती चांगली होती. मला टॉफी द्यायची."

"तुला टॉफी द्यायची, मला पोचारा द्यायची."

"लोक साठ वर्षांचं सेलिब्रेशन करतायत गं. काहीतरी चांगलं सांग. बाबांबरोबर तळ्यावर जायचीस, ते सांग."

तुझे बाबा तळ्यावर जायचे मासे बघायला. मी जायचे तुला ओढून आणायला. असं मनात आलं. त्याने माझं सगळं पुसून टाकलं, बटण दाबून, आणि स्वतःचं भरलं. सायकल, बर्फ, टॉफी. शेवटी सांगितलं, आम्ही मेपल रोवर चौदा नंबरला राहायचो, माझी आई अजून माझ्याजवळ असते, मजेत आहे.

मजेत आहे! त्याने सांगितलं तेव्हा मला कळलं.

२२ एप्रिल

शिवांगी सकाळी पोहे खाता खाता — "आजी, आर यू एक्सायटेड अबाउट युअर न्यू हाउस?"

"कसलं हाउस?"

तिचा चमचा हवेत राहिला. आईकडे बघितलं. सुनेत्राने गिरीशकडे. गिरीशने पोह्यांकडे.

मग निघालं सगळं. नॉर्थ कॅरोलायनात कुणी डॉक्टर सुमंत म्हणून आहेत, आपलेच, रिटायर झालेले. त्यांनी जमीन घेतली आणि आपल्या म्हाताऱ्या माणसांसाठी नवं गाव बांधतायत. नाव काय, तर तुळशीबाग! पुण्याच्या तुळशीबागेत निदान पळी-झारे तरी मिळतात. इथे म्हातारे मिळणार. घरं बैठी, जेवण मराठी, देवाची खोली, डॉक्टर हाकेच्या अंतरावर. गिरीशने माझं बुकिंग केलंय. फेब्रुवारीतच! आज एप्रिल सरत आला.

जानेवारीत मी गॅरेजच्या पायऱ्यांवरून घसरले, त्याचं हे सगळं. सकाळी पडले, संध्याकाळी ही दोघं आली तेव्हा उठवलं. मोडलं काही नव्हतं. थंडी वाजली एवढंच. पण तेव्हापासून गिरीश माझ्याकडे तडा गेलेल्या बरणीसारखं बघतो.

"आई, तू दिवसभर एकटी असतेस. तुझ्या भल्यासाठीच चाललंय ना."

"माझ्या भल्याचं माझ्याखेरीज सगळ्यांना कळतं!"

पोहे तसेच टाकून वर आले. ही सुनेत्राचीच करणी. ज्या हाताने गुढी काढली, त्याच हाताने सासू काढणार. गिरीश तर शेळी आहे, बापासारखी.

२३ एप्रिल

बोलणं बंद. पोहे चांगले झाले होते, ते टाकले त्याचंच वाईट वाटतं.

२८ मे

दोन दिवस त्या तुळशीबागेत. "फक्त बघून येऊ आई." गाडीत घातली आणि नेली. पाच तास. रस्त्यात थांबलो तिथे शिवांगीने मला बटाट्याच्या काड्या दिल्या, त्याच काय त्या माझ्या मनासारख्या झाल्या.

गाव कसलं! लाल माती, मधे डांबरी रस्ता, दहा-अकरा घरं आणि बाकी सगळ्या खुंट्या ठोकलेल्या. भिंतीवर चित्र लावलंय, त्यात झाडं, बाकडी, हातात हात घालून चाललेले म्हातारा-म्हातारी. एल्मबरीच्या कचेरीत अगदी हेच चित्र होतं! फक्त म्हाताऱ्यांच्या जागी बाबागाडीवाली बाई होती. मी गिरीशला म्हटलं, बाबागाडीतलं पोर मोठं झालं, बघ.

सुमंत डॉक्टर गोड बोलतात. इतके गोड, की ऐकून माझी साखर वाढली असेल. "मावशी, इथे सगळं प्लॅन केलंय!" म्हटलं, तेच तर. त्यांना कळलं नाही. सॅम्पल घर दाखवलं. टेबलावर प्लॅस्टिकची केळी. मी एक चावून बघणार होते, सुनेत्राने हात धरला.

हे सगळे किचनचे ओटे मोजत बसले तेव्हा मी बाहेर पडले. शेवटच्या घराच्या पायरीवर एक बाई बसलेली. लठ्ठ, नाकात चमकी, पुढ्यात पत्ते मांडून एकटीच खेळतेय.

"बसा नं बाप्पा, उभ्यानं काय पाहून राहिल्या?"

रत्नाबाई. नागपूरच्या. नवरा डॉक्टर होता, दोन वर्षांमागे गेला, मुलगा सांता क्लाराला. एवढं एका दमात सांगून तिने पत्ते वाटले. विचारलंसुद्धा नाही मला रमी येते का.

"करमतं का इथे?" म्हटलं.

"कायचं करमते! सकाळी योगा, दुपारी भजन, संध्याकाळी पुन्हा योगा. माणसाला वाटते आत्ता स्वर्गात नेऊनच सोडतात."

मग माझं लक्ष खाली गेलं. पायरीवर रांगोळी. गोपद्म. अर्धी पुसलेली.

"चालते इथे?"

"नाही चालत. सिमेंट खराब होते म्हणतात. तो साफसफाईवाला पुसते, मी काढते. तो पुसते, मी काढते. त्याले तरी दुसरं काय काम आहे, अन मले तरी?"

मी पत्ते उचलले. डाव खेळले. ती लबाडी करते! जोकर मांडीखाली ठेवते. मी पकडला तर म्हणते, "नजर तेज आहे हो सांगलीची!" मी म्हटलं, लाज नाही वाटत? म्हणे, "लाज वाटायले कोणी पाहायले तर पाहिजे." जोरात भांडलो. गिरीश शोधत आला तेव्हा मी तिच्या मांडीखालचे पत्ते ओढत होते.

गाडीत तो म्हणाला, "सॉरी आई, ती बाई जरा ऑड आहे. बाकीचे डीसेंट आहेत."

मूर्ख.

१७ जून

काय लिहू आणि कसं लिहू. आधी पाणी पिऊन आले.

दुपारी फोन वाजला. गिरीशने घेतला आणि उडालाच. "आई! आई, मिसेस डॉकरिल!" मला वाटलं मेल्याची बातमी. नाही! जिवंत! शहाऐंशी वर्षांची, फोनवर! तिच्या मुलीने गिरीशचं ते सायकल-टॉफी ऐकलं आणि नंबर मिळवला. गिरीशने फोनचं ते बटण दाबलं, आवाज खोलीभर. सगळे गोळा झाले. माझं इंग्रजी एल्मबरीच्या कँटीनमधलं. नऊ वर्षं ताटल्या धुतल्या तिथे, तेवढं येतं. अडलं तिथे गिरीश.

"डोरा, लव्ह! तूच का गं?"

"माय नेम द्वारका," म्हटलं. त्रेचाळीस वर्षांनी म्हटलं. बरं वाटलं.

तिने दोन-तीनदा प्रयत्न केला. "डवाका" पर्यंत आली. मग नवरा कधी गेला, गुडघे कसे आहेत, तुझ्या घरी आता कोण राहतं, सगळं झालं. गिरीशला वाटलं, आता गोड शेवट होतोय. मी म्हटलं, थांब. आणि विचारलं. "मिसेस डॉकरिल, माय स्टेप. एव्हरी डे यू वॉश. व्हाय?"

गिरीश खुणा करतोय, नको नको. मी पाठ फिरवली.

ती म्हणाली — मी आपल्या भाषेत लिहिते — "अगं, ते पीठ! रोज सकाळी तुझं पीठ सांडलेलं असायचं पायरीवर. मला वाटायचं, बिचारी परक्या देशात, लहान पोर, नवरा शिफ्टला, हातून सांडत असेल. रांगेतल्या बायकांच्या जिभा तुला माहीत नाहीत. आमच्या लंडनच्या गल्लीत पायरी घाण दिसली की बाईची अब्रू गेली. म्हणून तू पोराला शाळेत सोडायला गेलीस की तेवढ्यात घासून टाकायची. आणि कड पांढरी करून द्यायची, माझ्या आईने शिकवली तशी. तुझी पायरी माझ्या पायरीच्या आधी करायची मी, लव्ह."

मी सांगितलं, ते पीठ सांडलेलं नव्हतं, काढलेलं होतं. फूल होतं. देवासाठी. आणि माझ्यासाठी.

"अरे देवा," ती म्हणाली. "मग तू सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं का नाहीस?"

तिकडून श्वास ऐकू येत होता, दम्याचा.

मग म्हणाली, "आता कुठलं घासायचं. मुलीने इथे वृद्धाश्रमात आणून ठेवलंय. छान आहे सगळं. दारापर्यंत गालिचा. पायरीच नाही. मला कुणी विचारलंच नाही, पायरी पाहिजे का म्हणून."

गिरीश आता सगळ्यांना फोन करून सांगतोय, आई किती हसली म्हणून. साफ खोटं! मी हसले नाही. मला राग आला. इतकी वर्षं एक राग सांभाळला, मोरंब्यासारखा, आणि आता कळतंय की बरणीत काही नव्हतंच. मग आता कुणावर रागवायचं? ती मेली चांगली निघाली!

नाही, पण राग आहेच. चांगली होती म्हणून काय झालं? पुसलं तर माझंच ना! जे वाईट करतात त्यांना निदान चार शिव्या घालता येतात. चांगलं करणाऱ्याचं काय करायचं? ओल्या पायरीवर उभं राहून थँक्यू म्हणायचं?

२४ जून

आज काढलं सगळं बाहेर. जेवताना.

"गिरीश, एल्सी डॉकरिलने माझी पायरी का घासली?"

"आई, तुझ्या भल्यासाठी. आता तरी पटलं ना?"

"आणि तू ते बुकिंग का केलंस?"

घास हातात तसाच. शेळी असली तरी हुशार आहे, कळलं त्याला. पण बोलला काय! "आई, तुला त्या थंडीत गॅरेजमध्ये पडलेली बघितलं मी. आठ तास, आई! परत असं झालं तर? मी ऑफिसात बसून रोज तेच बघतो डोळ्यांपुढे."

मला कळतं ते. मी काय दगड आहे? पण मीही कमी नाही. म्हटलं, "मग हे मला सांगायचं. आधी. बादली घेऊन बसायच्या आधी."

मी सुनेत्राकडे वळले. तिचीही पाळी होतीच. "आणि तू गं? तुला तर घाईच झाली असेल. पाडव्यालाच सुरुवात केलीस."

सुनेत्रा कधी आवाज चढवत नाही. आज चढवला. "आई, गुढी काढ म्हणून मेल ह्यांना आला होता, ह्यांनी मला फोन केला. आणि बुकिंगच्या वेळी मी तीनदा म्हटलं, आधी आईंना विचारा. तीनदा! विचारा ह्यांना."

गिरीश म्हणाला, "ती नाहीच म्हणाली असती."

"मग नाही म्हणाली असती!" सुनेत्राच म्हणाली. मी नाही.

पानावरून उठून ताडताड वर गेली. माझ्यासारखीच. पाच वर्षं एका घरात राहतेय, मला माहीत नव्हतं तिला असं उठता येतं.

शिवांगी हळूच म्हणाली, "वाव, मॉम." मग माझ्याकडे बघून मराठीत — मराठीत! — "आजी, वरण गार होतंय."

२ जुलै

सुनेत्राने न सांगता माझ्यासाठी थालीपीठ लावलं. लोणी नव्हतं, तर दही दिलं. मी दोन खाल्ली.

५ जुलै

कहर! गिरीश ऑफिसातून आला, पिशवी ठेवली, म्हणाला, "आई, खूश? बुकिंग कॅन्सल केलं. सुमंतांना सांगून टाकलं. आता विषय संपला."

"कुणाला विचारून कॅन्सल केलंस?"

"अगं, तूच तर —"

"मी नको म्हटलं? कधी म्हटलं? दाखव! मी म्हटलं, विचारायचं!"

तो डोकं धरून जिन्यावर बसला. "आई, यार, मी आता काय करू?" आईला यार म्हणतो. सुनेत्रा ओट्याशी उभी राहून पाठमोरी हसत होती. खांदे हलत होते.

किती शिकवावं! आधी बापाला, मग ह्याला. त्या एल्सीला दोन वाक्यांत कळलं.

८ जुलै

पुढच्या दाराशी पायरीवर रांगोळी काढली आज. कमळ. कुणी बघितली नाही. बघणार कोण? सगळे गॅरेजमधून येतात, गॅरेजमधून जातात. पुढचं दार काय ते टोपीवाल्यासाठी.

संध्याकाळपर्यंत तशीच. कुणी पुसलीसुद्धा नाही.

त्या नागपूरवालीची निदान रोज कुणीतरी पुसतं.

१५ जुलै

आज गिरीशने विचारलं. टीव्ही बंद केला, समोर बसला आणि विचारलं. "आई, इथे राहायचंय की तिकडे जायचंय? तू सांगशील ते."

"तिकडे," म्हटलं.

तोंडच पडलं त्याचं. इथेच म्हणेन याची खात्री होती, म्हणून तर विचारलं मेल्याने!

सुनेत्रा उठली, तांदूळ काढले आणि पिठासाठी मिक्सर लावला.